गिटार आणि बासचे झिजलेले फ्रेट: घासायचे की बदलायचे?

निषादिनी

मंडळी, इथे वाद्यं वाजवणारे आहेत आणि वाद्यं खोलून बसणारेही आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

क्लासला वापरायची माझी यामाहा एफ-३१० आहे, बरीच जुनी. रोज मुलांच्या हाताखालून जाते. आता पहिल्या तीन फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बारीक तारांखाली खाचा पडल्यात. सगळ्यात वाईट अवस्था दुसऱ्या तारेखाली, पहिल्या फ्रेटची. साहजिकच आहे म्हणा, सी कॉर्ड वाजवा, ए मायनर वाजवा, एफ वाजवा, बोट तिथेच येतं. एफ धरला की ती तार झणझणते. सातव्या फ्रेटच्या पुढे मात्र सगळं स्वच्छ वाजतं.

घरात दुसरं वाद्य म्हणजे दिरांचा चार तारांचा बास गिटार. ते ऑर्केस्ट्रात वाजवतात. लग्नं, गणपती, नवरात्र, वर्षभर काही ना काही चालूच. स्टीलच्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेच्या वेटोळ्यांच्या, तारा लावतात. त्याचे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे फ्रेट वरून चपटे झालेत, तारेच्या वेटोळ्यांचे वळ डोळ्यांना दिसतात.

दुकानात नेलं तर गिटारसाठी "सगळे फ्रेट बदलावे लागतील, त्या पैशांत नवी येईल" आणि बाससाठी "नुसता पॉलिश पेपर मारून देतो". दोन्ही निदानं काउंटरपलीकडून, वाद्य हातात न घेता. तुम्हाला काय वाटतं? आणि यातलं घरी करण्यासारखं काही आहे का?

टूलरूम_पिंपरी

ताई, दुकानदाराचं बरोबरही असेल, पण मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. आधी एक खात्री करू: झणझण फ्रेटमुळेच येतेय ना? नटची (गळ्याच्या डोक्याकडच्या टोकाला तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी) खाच खोल गेली असेल तर मोकळी तार झणझणते, बोट दाबल्यावर थांबते. तुमचं उलट आहे, म्हणजे नट सुटला. उरले दोन संशयित, गळ्याचा बाक आणि फ्रेट.

बाक बघायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबा. ती तार आता सरळ पट्टीसारखी वापरायची. सातव्या फ्रेटच्या वर तारेखाली किती फट आहे ते बघा. गिटारला साधारण ०.२ मिमी, बासला ०.३ ते ०.४ मिमी असावी. मोजायला गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात तो फीलर गेज आणा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि या कामात जन्मभर पुरतो.

मग उंची. शेजारच्या दोन फ्रेटवर छोटी स्टीलची पट्टी आडवी ठेवा. पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये फीलरची पाती एकावर एक घालत जा. घट्ट बसली की बेरीज करा, ती फ्रेटची उंची. आधी कडेला, जिथे तार लागत नाही तिथे. मग पट्टी खाचांमध्ये बसवून तिथली.

तिसरी चाचणी: सलग तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ कड घ्या, जुनं एटीएम कार्डही चालेल. ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. सगळ्या गळ्यावर, प्रत्येक तारेच्या रेषेत हे करा. आकडे इथे टाका, मग बोलू.

आगाऊ_गंधार

खाचेत फेविक्विक आणि खायचा सोडा भरला तर? व्हिडिओत पाहिलंय, दगडासारखं घट्ट होतं.

टूलरूम_पिंपरी

व्हिडिओतला माणूस नट भरत असणार. नटमध्ये तार नुसती पडून असते, तिथे हा जुगाड खरंच टिकतो. फ्रेटवर तार दाबली जाते, वर बेंड घेतला की घासत ओढली जाते. तिथून ते भरण लवकरच सुटेल आणि खाच पुन्हा होती तशी.

जर्सीकाका

उशिरा पोचलो. फ्रेट का झिजतात, हे समजलं की निर्णय सोपा होतो म्हणून थोडं लांबण लावतो.

फ्रेटची नेहमीची तार निकेल सिल्व्हरची. चांदीचा तिच्यात कणही नाही. तांबं, जस्त आणि निकेल, त्यातलं निकेल बहुधा १८ टक्के. आजीच्या फडताळात जर्मन सिल्व्हरची भांडी होती ना, त्याच कुळातला धातू. गिटारची पहिली-दुसरी तार मात्र उघड्या पोलादाची, फ्रेटपेक्षा चांगलीच कठीण. दोन धातू एकमेकांवर घासले की मऊ असेल तो जातो. जाड तारांवर ब्राँझचं वेटोळं असतं, ते मऊ, म्हणून अकूस्टिकमध्ये खाचा कायम बारीक तारांखाली सापडतात. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारचे फ्रेट वर्षानुवर्षं तसेच राहतात ते याचमुळे. तुमच्या दिरांच्या बासवर वेटोळंच स्टीलचं आहे, म्हणून तिथे वळ.

आता माझं मत. बदलायचेच असतील तर स्टेनलेस स्टीलचे टाका. पुन्हा या भानगडीत पडायला नको. मधला पर्याय म्हणजे ईव्हीओ नावाची सोनेरी मिश्रधातूची तार. तांब्यात थोडं कथील, लोखंड आणि टायटॅनियम. मुळात चष्म्याच्या फ्रेमसाठी काढलेला धातू. निकेल अजिबात नाही, त्यामुळे ज्यांच्या बोटांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना वरदान. टिकाऊपणा निकेल सिल्व्हर आणि स्टीलच्या मधला.

शिसवी

काका, तुमच्या गॅरेजात तशी हत्यारं आहेत म्हणून स्टेनलेस म्हणता. मी हौशी सुतार, तीन-चार गळे केलेत. स्टेनलेसची तार कापताना साध्या पकडीचे दात जातात, कानशी बोथट होतात, आणि वाकवलेली तार पुन्हा सरळ व्हायला बघते, मग टोकं खाचेतून वर येतात. पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. कारागिराकडून करून घेणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मजुरी जास्त पडणार हे धरून चाला.

शिवाय इथे सगळे फ्रेट बदलायचे आहेत हे अजून ठरलेलंच नाही. तीन नवे स्टीलचे आणि बाकीचे जुने असं केलंत तर गळ्याच्या दोन भागांत बोटाला वेगळं लागतं. बेंड घेताना तर लगेच कळतं.

जर्सीकाका

मान्य. थोडेच बदलायचे असतील तर जुन्याला जुळणारी तारच हवी. पण आवाज "काचेसारखा" होतो म्हणून स्टेनलेसला नावं ठेवणाऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही. नवे, चकचकीत फ्रेट कुठल्याही धातूचे असोत, झिजलेल्यांपेक्षा तीक्ष्णच वाजतात.

खर्जबहाद्दर

पणजीहून देव बरे करूं! बासवाल्यांना कोणी विचारलं की अंगात येतं माझ्या.

वहिनी, दिरांना पहिला निरोप: तारा बदला. स्टीलच्या राउंडवाउंड म्हणजे रोज फ्रेटवर बारीक कानस फिरवणं. निकेल चढवलेल्या राउंडवाउंड घ्या, झीज बरीच कमी होईल. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेटोळ्यांच्या, लावल्या तर जवळजवळ थांबेल, पण ऑर्केस्ट्रात नाचगाण्यांना ती ढब चालेल का ते त्यांनी ठरवायचं. मला स्वतःला फ्लॅट आवडतात, कोंकणी मांडोपासून जाझपर्यंत सगळं निभतं. स्लॅप करणारी पोरं मात्र नाक मुरडतात.

दुसरं, आमच्याकडे खारी हवा आणि घाम. तारेवर गंज चढला की ती आणखी खरखरीत होते आणि तेवढीच फ्रेटला खाते. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसायच्या, खालूनसुद्धा. एवढं करणारे बासिस्ट मी फार कमी पाहिले.

तिसरी मजेची गोष्ट. फ्रेटचा एवढा वैताग आला तर बासवादक जॅको पास्टोरिअसची वाट आहेच. त्याच्या १९६२ च्या फेंडर जाझ बासमधले फ्रेट काढलेले होते. खाचा लाकडाच्या लुगद्याने भरलेल्या, आणि वर बोटींना लावतात ते इपॉक्सी. ते इपॉक्सी कशाला, तर राउंडवाउंड तारांनी उघडं लाकूड खाऊ नये म्हणून! म्हणजे फ्रेट गेले तरी झीज काही सुटली नाही, पात्रांव.

निषादिनी

धन्यवाद सगळ्यांना. फीलर गेज आणला, दुकानदाराने "कोणती गाडी?" विचारलं.

आकडे असे.

गिटार: बाक ०.५ मिमी. कडेला सगळ्या फ्रेटची उंची साधारण १.०५, रुंदी २ मिमी. खाचेतली उंची: पहिला फ्रेट ०.६५, दुसरा ०.७५, तिसरा ०.८. चौथा-पाचवा ०.९५ च्या आसपास, पुढे खाचा नाहीत. कार्ड कुठे डुगडुगत नाही.

बास: बाक ०.३५. कडेला १.२, सगळ्यात खोल जागी १.०५.

टूलरूम_पिंपरी

झकास. आता चित्र स्वच्छ आहे.

फ्रेट घासून समतल करायचे म्हणजे सगळ्यांना सगळ्यात खोल खाचेच्या पातळीला आणायचं. गिटारचा पूर्ण गळा ०.६५ ला आणला तर चांगल्या फ्रेटचाही तिसरा हिस्सा उगाच उडेल. इतक्या बुटक्या फ्रेटवर बोट लाकडाला टेकतं, तार नीट दबत नाही, आणि पुढच्या वेळी घासायला काही उरत नाही. माझा ढोबळ नियम असा, घासल्यावर ०.८ च्या खाली जाणार असेल तर बदला. तुमच्याकडे पहिले तीनच त्या रेषेच्या आसपास आहेत. म्हणून पहिले तीन बदला, चौथ्या-पाचव्यावर हलका हात फिरवा, बाकी सोडून द्या. सगळे बदलायची काहीच गरज नाही.

बास उलट. १.०५ ला आणला तरी भरपूर उंची उरते. तिथे घासणं पुरे. पण "नुसता पॉलिश पेपर मारून देतो" याला घासणं म्हणत नाहीत. बोटाने पेपर दाबून फिरवला तर तो खाचेतही तेवढाच उतरतो. लांब, ताठ, सरळ ठोकळा लागतो.

आणि बाक ०.५ जास्त आहे. सगळ्याच्या आधी ट्रस रॉड (गळ्याच्या आतली, बाक कमी-जास्त करायची सळई) थोडा आवळा, एका वेळी पाव फेरा, आणि तारा पुन्हा सुरात लावून मोजा. अनेक अकूस्टिकमध्ये एल-की साउंडहोलमधून आत जाते.

मी_श्रोता

भाबडा प्रश्न. फ्रेट वरून चपटा झाला, पण झणझणत नाही, तर काय बिघडलं?

टूलरूम_पिंपरी

भाबडा नाही, मुद्द्याचा आहे. सूर बिघडतो.

फ्रेटच्या जागा गणिताने ठरलेल्या असतात. तारेची लांबी भागिले १७.८१७ म्हणजे नटपासून पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा, दुसरा. असं करत बाराव्याला बरोब्बर निम्मी लांबी येते. ताईंच्या गिटारची लांबी ६३४ मिमी, म्हणजे पहिला फ्रेट ३५.६ मिमीवर. हा हिशेब फ्रेटच्या मध्यरेषेचा. माथा गोल असेल तर तार मध्यावरच टेकते. चपटा झाला की तार ब्रिजकडच्या (तारेच्या खालच्या टोकाच्या घोडीकडच्या) कडेला टेकते. २ मिमी रुंद फ्रेटवर ही सरक १ मिमीपर्यंत जाऊ शकते. तेवढी तार आखूड, तेवढा सूर चढा. पहिल्या फ्रेटवर साधारण ३ सेंट, बाराव्यावर साडेपाच. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. एकट्या सुराला कदाचित कळणार नाही, पण कॉर्डमध्ये एक तार चढलेली आणि बाकीच्या जागेवर, हे कानाला टोचतं. म्हणूनच समतल केल्यावर माथा पुन्हा गोल करणं हे खरं काम आहे. लोक नेमकं तेच टाळतात.

मिरजेकडचा

विषयांतराबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या गावात हे वाचलं तर कारागीर हसतील. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात. सूर हलला, पडदा सरकवा. झिजला, सोडा आणि दुसरा बांधा. तार पडद्यावर चांगली पाच-सहा स्वर ओढतात, त्यामुळे झीज आमच्याकडेही आहे, पण तिचं दुःख नाही.

बाय द वे, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ही कला वाढवणारी शिकलगार घराणी मूळची हत्यारं घडवणारी, धार लावणारी. कानस त्या हातांत पिढ्यान् पिढ्या आहे. ताईंना जवळपास गिटारचा कारागीर मिळत नसेल तर सतारवाला बघावा का, असं मनात आलं.

शिसवी

हात तयार असतो हे खरं. पण सतारीचा कारागीर जवारी काढतो तेव्हा तार घोडीवर हळूच घासत गुंजावी यासाठीच कानस चालवतो. गिटारवर आपल्याला तीच गुंजन घालवायची आहे! सवय उलट्या दिशेची. शिवाय खाचेत ठोकलेला फ्रेट उपटणं हे मुळात लाकडाचं काम आहे. समजावून सांगितलं तर करेलही, नाही असं नाही, पण पहिला प्रयोग तुमच्या गिटारवर व्हायचा.

आता ते उपटण्याबद्दलच लिहिते, कारण गळा खराब होतो तो इथे.

फ्रेटचा आडवा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा असतो. वर दिसतो तो माथा, खाली खाचेत जातो तो टँग. टँगला दोन्ही बाजूंनी बारीक दाते असतात, ते लाकडात रुतून बसतात. सरळ वर ओढलं तर ते दाते लाकडाचे टवके घेऊन येतात. रोजवुड, म्हणजे आपली शिसवी, कडक आणि ठिसूळ. म्हणून सोल्डरिंग आयर्नचं टोक फ्रेटवर ठेवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू फिरवायचं. गरमीने आतला गोंद असेल तर मऊ पडतो, लाकडातलं तेल सुटतं. मग खिळे उपटायची लहान पक्कड घ्यायची, पण तिचं तोंड आधी ग्राइंडरवर घासून अगदी सपाट केलेलं हवं, नाहीतर ती माथ्याखाली शिरतच नाही. कडेला चिमटीत धरायचं आणि उपटायचं नाही, नुसतं दाबायचं. दाबलं की पकडीच्या धारेवरून फ्रेट आपोआप केसभर उचलला जातो. थोडं पुढे सरकायचं, पुन्हा दाबायचं. असं दुसऱ्या टोकापर्यंत.

तरी टवका निघालाच तर फेकू नका. जागच्या जागी बसवून फेविक्विकचा थेंब सोडा. मास्किंग टेप आधीच लावून ठेवलेला असू दे.

जुन्या फेंडरवाल्यांसाठी वेगळी सूचना. त्यांच्या कित्येक जुन्या गळ्यांत फ्रेट वरून ठोकलेले नसून बाजूने सरकवून बसवलेले असतात. ते तसेच बाजूने काढायचे. वर उपटलेत तर फिंगरबोर्डाची, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीची, साल निघेल. आणि मेपलच्या गळ्यावर लॅकरचा थर फ्रेटवरून गेलेला असतो, तो आधी ब्लेडने कडेने चिरून घ्यायचा.

जर्सीकाका

फेंडरची ती बाजूने काढायची गोष्ट किती जणांना माहीत नसते! मार्टिनवाल्यांसाठीही एक: १९३४ पर्यंत त्यांच्या गिटारींत टी नव्हेच, चपट्या पट्टीसारखे बार फ्रेट असत. अशी गिटार वारशात मिळाली असेल तर घरी हातही लावू नका.

आगाऊ_गंधार

काका, आमच्याकडे वारशात मार्टिन येत नाही, कोलकात्याची हवाईयन गिटार येते. माळ्यावरून काढली, फ्रेट एकदम कोरे!

शिसवी

कोरेच असणार. हवाईयन गिटारला तार फ्रेटवर दाबतच नाहीत, वरून स्टीलचा बार फिरतो. नट उंच असतो, फ्रेट फक्त जागा दाखवायला. साध्या गिटारलाच उंच नट लावून हवाईयन केली असेल, तर नट बदलला की ती पुन्हा साधी गिटार होते, फ्रेट न झिजलेले. गळा मात्र वाकला नाहीये ना ते बघ.

बरं, आता नवा फ्रेट बसवणं. खाच आधी साफ करायची, जुना गोंद आणि धूळ सगळं काढून. तिची रुंदी बघायला तोच फीलर गेज. बहुतेक ०.५५ ते ०.६ मिमी भरते. तुमच्या मापाला २ मिमी रुंद आणि १.१ मिमी उंच तार जुळते. डनलॉपची ६२३० याच्या अगदी जवळ आहे, १.९८ बाय १.०९. टँग खाचेला जुळतो ना ते नक्की बघा. ढिला असेल तर फ्रेट हलतो आणि आवाज मरतो. फार जाड असेल आणि तुम्ही वीसेक फ्रेट तसे ठोकलेत, तर प्रत्येक टँग पाचरीसारखं काम करतो आणि गळा मागे वाकतो. तीन फ्रेटला ही भीती कमी.

तार फिंगरबोर्डच्या गोलाईपेक्षा थोडी जास्त वाकवून घ्यायची. मग आधी दोन्ही टोकं ठोकायची, शेवटी मधला भाग. असं केलं की टोकं बाहेरच्या बाजूला ताणली जाऊन घट्ट बसतात. हातोडी नायलॉनची किंवा पितळेची, आणि गळ्याच्या खाली वाळूची पिशवी, म्हणजे दणका परतत नाही. ठोके थोडेच, पण ठाम. टोकं कापून कानशीने तिरकी करायची. ताई, तुमच्या क्लासला लहान मुलं आहेत, तेव्हा टोकांवर वेळ घालवा. तळहाताला ओरखडा बसला की मूल गिटारच सोडतं.

खर्जबहाद्दर

टोकांवरून आठवलं. आमच्या एका सहकाऱ्याचा बास पावसाळ्यात छान असतो आणि हॉटेलच्या एसीत महिनाभर राहिला की फ्रेटची टोकं टोचायला लागतात. त्याला वाटतं फ्रेट बाहेर आले. धातू कशाला वाढेल? लाकूड सुकून आत जातं. लगेच कानस काढू नका. वाद्याला आधी थोडी दमट हवा मिळू द्या, मग जेवढं बाहेर राहील तेवढंच घासा.

निषादिनी

विदर्भातल्या मैत्रिणीची तक्रार अगदी हीच होती, मे महिन्यात. तिला धाग्याचा दुवा पाठवला.

आमचं काम असं झालं. गावात एक निवृत्त कारागीर भेटले, पेटी आणि गिटार दोन्ही दुरुस्त करतात. शिसवीताईंचा प्रतिसाद छापून नेला होता. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि "बरोबर लिहिलंय, पण मी फ्रेटवर लिंबाच्या तेलाचं बोटही फिरवतो" म्हणाले. दोन फ्रेट अलगद निघाले, तिसऱ्याला नखाएवढा टवका आला, जागेवर चिकटवला, आता शोधूनही सापडत नाही. एफ स्वच्छ वाजतोय!

एक नवीन कुरबूर मात्र आहे. पहिली तार मोकळी वाजवली की पहिल्या फ्रेटला हलकीशी लागते. आधी लागत नव्हती.

टूलरूम_पिंपरी

अपेक्षित होतं. मधल्या काळात कोणीतरी नटची ती खाच खोल केलेली असणार, आणि फ्रेट झिजलेला असल्यामुळे लक्षात आलं नाही. फ्रेट मूळ उंचीला आला, आता नट उघडा पडला. शिवाय तुम्ही बाकही कमी केलात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून बघा, पहिल्याच्या वर कागदाच्या जाडीएवढी तरी फट दिसायला हवी. नसेल तर नट बदला, किंवा...

आगाऊ_गंधार

किंवा फेविक्विक आणि खायचा सोडा!!! कोणीतरी माझी बाजू घ्या रे.

टूलरूम_पिंपरी

घेतली. इथे चालेल. खाचेत चिमूटभर सोडा, वर एक थेंब, सुकल्यावर बारीक कानशीने नवी खाच. खाचेचा उतार डोक्याकडे असू द्या. आसपास टेप लावा आणि खिडकी उघडी ठेवा, धूर डोळ्यांत जातो.

आता बास. तारा काढा, ट्रस रॉड आवळून गळा अगदी सरळ करा. पिकअपवर (तारांची कंपनं टिपणारे भाग) टेप लावून ते पूर्ण झाका, ते लोहचुंबक आहेत, लोखंडी कीस एकदा आत ओढला की निघत नाही. फिंगरबोर्डावर मास्किंग टेप. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करने काळी रेघ. अल्युमिनियमचा चौकोनी पाइप घ्या, काचेवर पेपर ठेवून त्यावर त्याची एक बाजू आधी सपाट करा, मग त्याला ३२० चा वॉटर पेपर चिकटवा. तारेच्या रेषेत, गळ्याच्या लांबीने, वजन न देता फिरवा. जिथे काळं पुसलं तिथे घासलं गेलं, जिथे उरलं तिथे अजून खड्डा. सगळीकडचं काळं गेलं की थांबा, एक फेराही जास्त नको.

मग पुन्हा मार्कर, आणि क्राउनिंगची, म्हणजे माथा पुन्हा गोल करायची, पोटाळ कानस. दोन्ही खांदे उतरवत जा, मध्यावर केसाएवढी काळी रेघ शिल्लक राहील इतपत. ती रेघ म्हणजेच तुमची उंची आणि तुमचा सूर, तिला हात लावायचा नाही. शेवटी ६००, १०००, २००० चे पेपर आणि थोडा ब्रासो.

जर्सीकाका

हेच काम इकडे काही दुकानांत प्लेक नावाच्या यंत्रावर होतं. बर्लिनचं यंत्र आहे. तारा लावलेल्या अवस्थेत गळा मोजतं आणि संगणकाने फ्रेट घासतं. गिब्सनच्या कारखान्यातही वापरतात. बघायला मजा येते. पण चार तारांच्या ऑर्केस्ट्रावाल्या बासला पाइप आणि मार्कर पुरे, इथे मी टूलरूमशी सहमत.

निषादिनी

नटचं झालं, सोड्याने. गंधार, तुझे आभार, आता शांत हो.

बास दिरांनी रविवारी स्वतः घासला, मी मार्कर धरून बसले होते. सगळ्यात कमी उंची आता १.० भरते. तारा निकेलच्या लावल्या. त्यांचं म्हणणं, पाचव्या फ्रेटवरचा खडखडाट गेला, पण आवाज जरा मऊ झाला. तो तारांमुळे की फ्रेटमुळे?

खर्जबहाद्दर

तारांमुळे. स्टीलची कडक चमक निकेलला नाही. ॲम्पवर ट्रेबल थोडा वाढवायला सांगा, आणि पुढच्या कार्यक्रमाआधी बाक परत बघा. तारांचा ताण बदलला की गळा दोन-चार दिवसांनी हलतो.

निषादिनी

बघितला, ०.४५ झालाय.

टूलरूम_पिंपरी

पाव फेरा आवळा.